संगणकाच्या पेटीवर चाल बांधताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

चाल बांधण्यासाठी संगणक किंवा फोन वापरणाऱ्या वाचकांकडून गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. ‘सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते?’ एवढेच विचारणारी पत्रे बाजूला ठेवावी लागली, कारण आपण काय बांधता, कोणासाठी बांधता आणि ते लिहून ठेवण्याची आपली रीत कोणती, हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

प्रश्न (सांगली जिल्हा) : मी निवृत्त शिक्षक असून गावच्या भजनी मंडळासाठी तीस वर्षे अभंगांना चाली लावत आलो आहे. स्वरलेखन मला जेमतेम येते. सुचलेली चाल दोन दिवसांत निसटते आणि जुने गायक गेल्यापासून आधीच्याही कित्येक चाली गेल्या. नातवाने संगणकावर एक सॉफ्टवेअर घालून दिले आहे. पण मी गायलो की ते इंग्रजी अक्षरांत भलतेच सूर लिहून दाखवते. मी चुकतो की यंत्र चुकते?

उत्तर : बहुधा दोघेही चुकत नाहीत, दोघांची गृहीते वेगळी आहेत. आपला षड्ज काळी एकचा असेल तर आपल्या ‘सा’ला ते सॉफ्टवेअर ‘सी शार्प’ म्हणणार, कारण त्याला पियानोच्या पट्ट्या ठाऊक आहेत, आपला सा ठाऊक नाही. काही सॉफ्टवेअरांत सा कोठे आहे हे सांगता येते. तसे येत नसेल तर आपला सा ज्या पट्टीवर पडतो तेथून मोजणे एवढाच उपाय आहे. दुसरे असे की तंबोऱ्याशिवाय गाताना आपल्या नकळत षड्ज हळूहळू सरकतो. मंडळात कोणाला ते जाणवत नाही, कारण सगळे बरोबरच सरकतात. यंत्राला मात्र प्रत्येक सूर बदलल्यासारखा दिसतो. म्हणून एका फोनवर तंबोऱ्याचे ॲप लावून ते इअरफोनमधून ऐकावे आणि दुसऱ्या फोनवर आपला आवाज मुद्रित करावा, म्हणजे मुद्रणात केवळ आवाज येईल.

तिसरी अडचण मींडेची आहे. आपण पंचमावरून गंधारावर सहज घसरत आलात, तर सूर ओळखणारे साधे सॉफ्टवेअर वाटेत लागलेला प्रत्येक अर्धस्वर वेगळा सूर म्हणून नोंदवते आणि आपण न गायलेले दोन-तीन सूर कागदावर उमटतात. त्यासाठी अक्षरे लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरऐवजी आवाजाच्या उंचीची रेघ काढून दाखवणारे वापरावे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेली ‘टोनी’ आणि ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’ ही दोन सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात. त्यांत मींड ही उतरती रेघ म्हणून दिसते आणि आंदोलन, म्हणजे सुराचे संथ झुलणे, नागमोडी दिसते. आपल्याला ती रेघ वाचायला आठवडा लागेल, त्याहून अधिक नाही.

पण खरे सांगायचे तर आपली गरज आधी मुद्रणाची आहे, लेखनाची नंतर. प्रत्येक चालीच्या आरंभी अभंगाचा पहिला चरण, पट्टी, ठेका आणि तारीख बोलून ठेवावी. मग चाल एकदा हाताने टाळी देत संथ गावी आणि एकदा मंडळात गातात त्या लयीत गावी. फाइलला अभंगाच्या पहिल्या शब्दांचे नाव द्यावे आणि तिची एक प्रत नातवाच्या संगणकावर राहू द्यावी. लिहून ठेवायचे झाल्यास एक्सेलसारखा तक्ता पुरतो. भजनी ठेक्यासाठी आठ रकाने करावेत, प्रत्येक रकान्यात एक मात्रा, वरच्या ओळीत सूर आणि खालच्या ओळीत शब्द. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते आणि ती अक्षर अधोरेखित करण्याच्या बटणाने येते. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी उस्तादांकडून ऐकलेल्या शेकडो बंदिशी अशाच मात्रांच्या चौकटीत उतरवल्या. त्यावर ‘गाणे कागदावर मावत नाही’ असा आक्षेप घेतला गेला. आक्षेप खरा होता आणि बंदिशी टिकल्या त्याही त्या कागदामुळेच.

मंडळात जे जुने गायक अजून आहेत, त्यांच्याकडे या आठवड्यात जाऊन यावे. एकाच अभंगाची चाल दोघे निरनिराळी गातील; ‘बरोबर कोणती’ असे न विचारता दोन्ही मुद्रित कराव्यात.

प्रश्न (पुणे) : मी नोकरी सांभाळून कवितांना चाली देते. पेटीवर बसवलेली चाल घरी सर्वांना आवडते. तीच संगणकावर वाजवून, तबला आणि बासरी जोडून ऐकवली की कवायतीसारखी वाटते. महागडे आवाज विकत घेऊनही फरक पडला नाही. दोष माझ्या चालीत आहे का?

उत्तर : चाल पेटीवर उभी राहत असेल तर तिच्यात दोष शोधण्याआधी, सॉफ्टवेअर उघडताच आपल्याला न विचारता काय काय ठरून गेले ते पाहावे. नवी फाइल उघडली की बहुतेक सॉफ्टवेअरांत लय मिनिटाला १२० ठोक्यांची असते, ताल चार-चार मात्रांचा असतो, सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात आणि किंचित मागेपुढे पडलेला सूर जवळच्या रेषेवर ओढून बसवण्याची सोय, जिला ‘क्वांटाइझ’ म्हणतात, एका कळीवर तयार असते. यांपैकी एकही गोष्ट आपण निवडलेली नाही; तरी त्या सगळ्या आपल्या चालीत जाऊन बसतात आणि मग आपण आवाज बदलत राहतो.

पहिल्यांदा क्वांटाइझ बंद करावे. भावगीतात शब्द ठोक्यावर पडत नाही. तो ठोक्याच्या अलीकडे रेंगाळतो किंवा पलीकडे जाऊन टेकतो आणि त्या रेंगाळण्यातच कवितेचा अर्थ असतो. ढोलकीच्या वादनात तर डुलणे हाच जीव आहे, आणि ते डुलणे सरळ रेषेवर आणले की लावणीची बँडपार्टी होते. वाजवलेले फारच विस्कटलेले असेल तर सूर अर्धवटच ओढण्याची सोयही बहुतेक सॉफ्टवेअरांत असते, ती वापरावी.

तालाची गोष्ट अधिक फसवी आहे. काही वर्षांपूर्वी रूपक तालातले एक गीत मुद्रित करताना मी स्वतः ही चूक केली. सात मात्रांचे माप लावले, तीन-दोन-दोन असे विभाग पाडले आणि निश्चिंत झालो. गायिका मात्र मुखड्याच्या पहिल्या अक्षरावर सारखा जोर देऊ लागली आणि गाणे जड होत गेले. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, ‘खाली’ म्हणजे बिनजोराची जागा असते, ठेका ‘तीं तीं ना’ असा हलका सुरू होतो. पण तिच्या कानातली क्लिक, म्हणजे सॉफ्टवेअरची मात्रा मोजणारी टिकटिक, प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर ठणकन वाजत होती, कारण पहिली मात्रा सर्वांत जड असते, हे त्या सॉफ्टवेअरचे गृहीत होते. दोन तास गेल्यावर तबलजींनी विचारले, “ही टिकटिक बंद करून माझा ठेका तिच्या कानात घातला तर?” त्यानंतर दुसऱ्याच प्रयत्नात गाणे झाले. तेव्हापासून मी क्लिकऐवजी ठेकाच घालतो. विलंबित लयीत आणखी एक अडचण येते : काही सॉफ्टवेअरांत मिनिटाला २० ठोक्यांखाली लय उतरतच नाही. अशा वेळी एका मात्रेचे चार ठोके धरून चौपट लय लावावी.

आता सूर. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर संगणकाचा शुद्ध गंधार ४०० वर बसतो आणि तंबोऱ्याच्या नादातून ऐकू येणारा गंधार सुमारे ३८६ वर. हा फरक आपल्या पेटीतही आहे, म्हणून तो आपल्या कानाला सवयीचा असेल. पेटीवर हाच आक्षेप होता : बारा ठोकळ सूर आणि मींडेचा अभाव. त्यापायी १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले आणि ते तीन दशके बंद राहिले. या काळात पेटी मैफलीतून गेली नाही, भजनातून तर मुळीच नाही. वाजवणाऱ्यांनी तिच्या मर्यादा ओळखून साथीची रीत बसवली. पुढे डॉ. विद्याधर ओक यांच्यासारख्यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सूक्ष्म सुरांची, पेटीही घडवली. संगणकात प्रत्येक सुराची उंची स्वतंत्रपणे खालीवर करण्याची सोय पुष्कळदा आधीच असते, पण ती शोधावी लागते.

मींडेसाठी सूर वळवण्याचे चाक किंवा पट्टी असते. सूर पाठवण्याची ‘मिडी’ ही पद्धत १९८३ मध्ये रूढ झाली आणि तिच्यात हे वळण १६,३८४ पायऱ्यांत मोजले जाते, तेव्हा बारकावा भरपूर आहे. मात्र नेहमीच्या मांडणीत ते दोन्ही बाजूंना दोन-दोन अर्धस्वरांपुरतेच जाते. पंचमापासून कोमल गंधार चार अर्धस्वर खाली आहे. म्हणजे चाक पूर्ण ओढूनही आपण शुद्ध मध्यमावरच अडकता. ही मर्यादा वाद्याच्या आवाजात आणि सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हीकडे, बारा अर्धस्वरांवर न्यावी. माझा सल्ला विचाराल तर मूळ चाल यंत्राकडून वाजवून घेऊच नये : ती स्वतः गाऊन मुद्रित करावी आणि यंत्राकडे साथ ठेवावी.

एक शंका मात्र आपल्या चालीविषयीही घेतो, कारण हे माझ्या हातूनही झाले आहे. पडद्यावर चाल विटांसारखी दिसते आणि पहिल्या कडव्याच्या विटा उचलून दुसऱ्या कडव्याखाली ठेवणे फार सोपे असते. पेटीवर दुसरे कडवे गाताना शब्द वेगळे आहेत म्हणून हात आपोआप थोडा वेगळा जातो; पडद्यावर तो जात नाही. मुखडा आणि सगळे अंतरे गळ्यात पक्के झाल्याशिवाय संगणक उघडू नये, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

प्रश्न (मडगाव) : आमच्या गायनवृंदासाठी मी दोन आवाजांची गीते मांडतो. पंधरा वर्षांची मांडणी ‘फिनाले’ या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ते आता बंद झाले म्हणतात. पुढे काय करावे?

उत्तर : होय, फिनालेच्या निर्मात्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचा विकास थांबवल्याचे जाहीर केले. ज्या संगणकावर ते अजून चालते आहे, त्यावरूनच सगळ्या फाइली ‘म्यूझिक एक्सएमएल’ या स्वरूपात काढून घ्याव्यात आणि प्रत्येकीची पीडीएफ प्रतही ठेवावी. त्या फाइली ‘म्यूजस्कोर’ या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. सूर आणि शब्द नीट येतील. पानाची मांडणी थोडी बिघडेल. गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांतून स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन, शिकवण्याची परंपरा जुनी असल्याने आपल्या गायकांना ते वाचता येते, हा मोठा लाभ आहे. मांडोसारखी तिसऱ्या सुराच्या अंतराने चालणारी दोन आवाजांची गीते त्यात चोख बसतात.

दुसरा आवाज यंत्राकडून लिहून घ्यावा का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. २०१९ मध्ये जर्मन संगीतकार बाख यांच्या जयंतीला गूगलने एक खेळ ठेवला होता : आपण एक ओळ लिहायची आणि बाख यांच्या ३०६ कोरालांवर, म्हणजे चार आवाजांच्या चर्चगीतांवर, शिकवलेले यंत्र उरलेले तीन आवाज लिहून देई. परिणाम मोठा मजेदार होता, पण सूर कोणतेही द्या, उत्तर जर्मन चर्चचेच येई. आपला दुसरा आवाज आपल्या गायकांच्या कानात आधीच आहे, तो त्यांच्याकडूनच घ्यावा.

प्रश्न (रत्नागिरी) : मी तबल्याच्या परीक्षांची तयारी करतो. कायद्याचे पलटे, म्हणजे तबल्यातल्या ठरावीक बोलरचनेची बदललेली रूपे, स्वतः बनवून आण, असे गुरुजी सांगतात. मित्र म्हणतो की संगणक ते शेकड्यांनी काढून देईल. तसे करणे गैर होईल का?

उत्तर : आपल्या मित्राच्या आधी चाळीस वर्षे ही कल्पना दोघांना सुचली होती आणि त्यांनी ती लखनौच्या घराण्यात नेऊन तपासली, म्हणून तिची हकिकत सांगतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी जेम्स किपेन हे संशोधक लखनौ येथे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. संगणकाचे जाणकार बर्नार्ड बेल यांच्याबरोबर त्यांनी ‘बोल प्रोसेसर’ नावाचा प्रोग्रॅम उभा केला. तो ॲपल कंपनीच्या त्या काळातल्या छोट्या संगणकावर चालत असे आणि कळफलकाच्या एकेका कळीला एकेक बोल दिलेला असे. कायदा म्हणजे भाषा आणि पलटे म्हणजे त्या भाषेतली वाक्ये, असे धरून त्यांनी कायद्याचे व्याकरण लिहिले : या जागी हा तुकडा येऊ शकतो, त्या जागी तो येऊ शकत नाही. यंत्र त्या व्याकरणातून पलटे काढी, जाणकार वादक ते ऐकून पसंत किंवा नापसंत करी आणि नापसंतीवरून व्याकरण सुधारले जाई.

यातली खरी गंमत नापसंतीत आहे. ‘धा धा तिट धा धा तूं ना’ हा सर्वांच्या हातातला कायदा घ्या. त्याच्या एका ओळीचे चार तुकडे पाडले आणि प्रत्येक जागी पाच पर्याय धरले, तर ६२५ ओळी निघतात. संगणकाला हे क्षणाचे काम आहे. पण त्यांतल्या कितीतरी ओळी ‘तिट’वर संपतील आणि कायद्याची शेपटी तुटेल. भरीच्या (जोरदार) अंगात ‘धा’ आणि खालीच्या (हलक्या) अंगात त्याच जागी ‘ता’ हे नाते काहींत बिघडेल. पर्यायांत चुकून ‘तिरकिट’ शिरला असेल, तर तो कायदाच राहणार नाही, कारण मूळ मुखात, म्हणजे कायद्याच्या पहिल्या ओळीत, नसलेला बोल आणायचा नसतो. हे नियम आपण यंत्राला सांगू शकतो आणि सांगितले की ते पाळते. उरतो तो एक नियम, जो सांगता येत नाही : चौगुणीत, म्हणजे चौपट लयीत, बोटे कोठे अडतील, हे यंत्राला बोटे नसल्याने कळत नाही.

पाश्चात्त्य संगीतात याच्याही आधी, १९५७ साली, रसायनशास्त्रज्ञ असलेले लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅकसन यांनी इलिनॉय विद्यापीठाच्या इलियाक संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी एक रचना करून घेतली. तिची रीतही अशीच होती : यंत्राने मनास येईल तो सूर काढायचा आणि नियमांच्या चाळणीतून पडेल तो फेकून द्यायचा.

तेव्हा आपण यंत्राकडून शेकडो पलटे मागू नयेत, दहा मागावेत. त्याआधी आपल्या कायद्याचे नियम वहीत स्वतःच्या शब्दांत लिहावेत. हेच काम कठीण आहे आणि शिकवणारेही आहे. प्रत्येक पलट्याची हातावर टाळी देत पढंत करावी, म्हणजे बोल तोंडाने म्हणावेत, मग तो वाजवावा आणि जो टाकाल त्यापुढे का टाकला ते लिहावे. गुरुजींकडे जाताना निवडलेल्या पलट्यांबरोबर टाकलेल्यांचीही वही न्यावी. ‘बोल प्रोसेसर’ची नवी आवृत्ती आजही मुक्त स्वरूपात मिळते, पण दहा पलट्यांसाठी कागद आणि पेन्सिलही पुरेल. आणि गुरुजी ‘नको’ म्हणाले तर नको. आपला हात त्यांनी पाहिला आहे, मी पाहिलेला नाही.

प्रश्न (जळगाव) : मी एका नामवंत कवीची कविता सॉफ्टवेअरमध्ये घातली, ‘मराठी भावगीत, संथ लय, बासरी’ असे लिहिले आणि काही मिनिटांत गायलेले, वाजवलेले पूर्ण गाणे मिळाले. ‘संगीतकार’ म्हणून माझे नाव देऊन ते स्पर्धेत पाठवता येईल का?

उत्तर : कवितेपासून सुरुवात करू, कारण आपण तिचा विचार केलेला दिसत नाही. भारतीय कायद्याने कवीच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे कवितेवर कवीचा, नंतर वारसांचा किंवा ज्यांना त्यांनी हक्क दिला त्यांचा अधिकार असतो. तुकारामांचा अभंग आपण निःशंक घेऊ शकता. बालकवींचे निधन १९१८ साली झाले, त्यांची कविताही मोकळी आहे. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ मध्ये झाले. त्यांच्या कवितेसाठी २०५९ संपेपर्यंत परवानगी लागेल. आपण कवीचे नाव कळवलेले नाही, तेव्हा ही आकडेमोड आपणच करावी.

आता चालीविषयी : आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे आणि १९९४ च्या दुरुस्तीने त्यात असे कलम आले की संगणकाने निर्माण केलेल्या साहित्यिक, नाट्य, संगीत वा कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण करवून घेणारी व्यक्ती. हे कलम वाचून आपल्याला आनंद होईल; पण ते लिहिले गेले तेव्हा दोन ओळींच्या सूचनेवर गायकासह गाणे देणारे यंत्र कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हते, आणि ‘करवून घेणारी व्यक्ती’ म्हणजे सूचना लिहिणारा की यंत्र घडवणारा, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात केवळ सूचना लिहिणे हे कर्तेपणासाठी पुरेसे नाही, असे मत दिले आहे. शिवाय ही यंत्रे कोणाच्या गाण्यांवर शिकली, हा वाद वेगळाच आहे : जून २०२४ मध्ये मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सूचनेवरून गाणी बनवून देणाऱ्या ‘सुनो’ आणि ‘युडिओ’ यांच्यावर अमेरिकेत दावे लावले आणि पुढे त्यांतल्या काहींत तडजोडी झाल्या. आपण वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या अटी वाचाव्यात. विनामूल्य खात्यातून निघालेल्या गाण्याचा व्यावसायिक वापर पुष्कळदा वर्ज्य असतो.

कायदा बाजूला ठेवून माझे मत विचाराल, तर येवल्याला पैठणीची मागणी नोंदवणारा विणकर ठरत नाही, मग त्याने काठ, रंग आणि मोर कितीही बारकाईने सांगितलेले असोत. स्पर्धेच्या आयोजकांना हे गाणे कसे झाले ते लेखी कळवावे आणि चालते का ते विचारावे. ते न कळवता पाठवणे मला योग्य वाटत नाही.

आपण पाठवलेले गाणे मी ऐकले. बासरी गोड आहे. मात्र ‘चांदणे’मधला च ‘चंद्र’मधल्या चसारखा म्हटला गेला आहे, कारण देवनागरीत दोन्ही च एकच दिसतात आणि कोणता कोठे हे मराठी कानालाच माहीत असते. ‘ओळ’चा उच्चार ‘ओल’कडे झुकला आहे. दुसऱ्या कडव्यात कवीने ओळीच्या मध्यावर जिथे श्वास ठेवला आहे, तिथेच चाल पुढच्या शब्दाला चिकटून धावते आणि अर्थ उलटतो. हे सगळे आपल्याही कानाला खटकले असणार. आता ती ध्वनिफीत बंद करून कविता मोठ्याने वाचावी, जिथे श्वास लागतो तिथे खुणा कराव्यात आणि आपल्या गळ्याला सुचेल ती चाल, मग ती कितीही साधी असो, फोनवर गुणगुणून ठेवावी. यंत्राच्या गाण्यातली एखादी जागा आवडली असेल तर ती घेऊन बदलावी. असे महिनाभर केल्यावर जे होईल त्याखाली नाव घालताना आपल्याला मला विचारावे लागणार नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातील एका मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे; त्याला बोलता येत नाही आणि हात नीट वळत नाहीत. गाणे लागले की तो डोलतो, मध्येच थांबवून पुन्हा लावायला सांगतो. त्याला स्वतः काही रचता येईल का?

उत्तर : येईल. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये टॉड मॅकोव्हर यांच्या गटाने मुलांसाठी ‘हायपरस्कोर’ नावाचे सॉफ्टवेअर तयार केले, ज्यात सुरांची नावे येण्याची गरज नसते. छोटी स्वरवाक्ये ठिपक्यांनी काढायची, प्रत्येकाला एक रंग द्यायचा, आणि मग मोठ्या पटावर त्या रंगाची रेघ ओढली की ते स्वरवाक्य तेथे वाजते. रेघ वर गेली की सूर चढतात. सेरेब्रल पाल्सी असलेले डॅन एल्सी मॅसॅच्युसेट्समधील एका रुग्णालयात राहत. हायपरस्कोरने ते संगीतकार झाले, आणि डोक्यावर लावलेल्या पॉइंटरने स्वतःची रचना नियंत्रित करीत त्यांनी २००८ च्या टेड परिषदेत मॅकोव्हर यांच्याबरोबर ती सादर केली.

आपल्याकडे उद्याच सुरू करता येईल असे साधन म्हणजे ‘क्रोम म्यूझिक लॅब’मधला ‘साँग मेकर’. तो ब्राउझरमध्ये विनामूल्य चालतो, खाते उघडावे लागत नाही आणि केलेली रचना दुव्याच्या रूपाने जतन होते. त्याच्या सेटिंगमध्ये पाच सुरांचे सप्तक निवडावे. ते आपले सा रे ग प ध, म्हणजे भूपाचे सूर आहेत, त्यामुळे कोठेही बोट पडले तरी बेसूर होत नाही. (राग भूप मात्र एवढ्याने होत नाही, हेच पाच सूर देसकाराचेही आहेत आणि फरक कोणत्या सुरावर विसावायचे यात आहे. पण ते पुढचे पुढे.) चौकटी मोठ्या दिसाव्यात म्हणून आरंभी एकच सप्तक आणि दोनच आवर्तने ठेवावीत. टॅबलेट पक्क्या स्टँडवर, त्याचा हात किंवा कोपर सहज पोचेल अशा उंचीला लावावा. हात अजिबात न पोचल्यास आपण चौकटीवर बोट फिरवत जावे आणि तो मान हलवेल तेथे थांबून टिपका द्यावा.

एक काळजी घ्यावी. त्याने दिलेला टिपका आपल्या कानाला चुकीचा वाटला तरी तो सरकवू नये, आणि पुन्हा वाजवून दाखवल्यावर तो कोठे थांबवायला सांगतो ते पाहावे. मध्येच थांबवून पुन्हा लावायला सांगण्याची त्याची सवय आपण लिहिली आहे. बहुधा तो तेव्हाही काहीतरी निवडतच असतो. पहिल्या चार-पाच रचनांचे दुवे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत आणि जमल्यास आम्हालाही पाठवावेत.